कर्करोगाची तपासणी झाली, पण रजिस्टरचा शेवटचा रकाना कोराच

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर म्हणून काम करतो, चौदा वर्षं झाली. इथे इतके दिवस वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीचं जुनं रजिस्टर हाती लागलं. रकाने असे: नाव, वय, तारीख, निकाल, कुठे पाठवलं, पुढे काय झालं. एका पानावर लाल शाईत सात पॉझिटिव्ह. सातही जणींपुढे 'मोठ्या रुग्णालयात पाठवलं' हे माझ्याच अक्षरात. शेवटच्या रकान्यात तिघींपुढे काहीतरी खरडलेलं होतं. चौघींपुढे काहीच नाही.

त्या चौघींपैकी एक बाई मला चांगल्या आठवतात. अडीच वर्षांनी त्या परत आल्या तेव्हा अंगावरून रक्त जात होतं, कंबर धरली होती. आजार ओटीपोटात पसरला होता. मी विचारलं, "तेव्हा गेला नव्हता का?" तर म्हणाल्या, "गेले होते की. तिथं सांगितलं, आज त्या मॅडम नाहीत, पुढच्या आठवड्यात या. मग दुखत तर काहीच नव्हतं, राहून गेलं."

तपासणी करायची ती काही दुखत नसतानाच, आणि दुखत नसलं की माणूस दुसऱ्यांदा जात नाही. आमची निम्मी मेहनत याच फटीतून गळून जाते. त्या बाईंना मधल्या काळात एक फोन करायला हवा होता. ते काम माझं आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही ते सुचलं नाही. ही चूक माझीच, आणि तिचं ओझं अजून उतरलेलं नाही.

त्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळ देणारा आहे. एचपीव्ही विषाणूची लागण टिकून राहिली तर पेशी बदलायला लागतात, पण त्या बदलांपासून खऱ्या कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बायकांत, उदाहरणार्थ एचआयव्ही असेल आणि उपचार चालू नसतील तर, ५ ते १०. म्हणजे गाठायला वेळ भरपूर असतो. तरी गाठता आलं नाही तर दोष रोगाला देता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या कर्करोगाच्या उच्चाटनासाठी ९०-७०-९० हे लक्ष्य ठरवलं. २०३०पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा चांगल्या चाचणीने तपासणी, आणि ज्यांच्यात काही सापडेल त्यांतल्या ९० टक्के जणींवर उपचार. बैठकांत पहिल्या दोन आकड्यांवरच चर्चा होते. किती लसी दिल्या, किती बायका तपासल्या. तिसरा आकडा म्हणजे आमच्या रजिस्टरचा शेवटचा रकाना, आणि तो कोणी विचारत नाही.

तर या क्षेत्रातल्यांनी, तपासणी करून घेतलेल्यांनी, घरच्यांनी, सगळ्यांनीच लिहा. प्राथमिक पातळीवर काम करणाऱ्या डॉक्टर, नर्स, आरोग्यसेविकांना नेमकी कसली मदत मिळाली तर हा रकाना भरेल?

उंबरठा

डॉक्टर, धागा काढलात, फार बरं केलंत. मी नर्स आहे, व्हीआयए तपासणी गेली सहा वर्षं करते. बाहेरच्यांना ही तपासणी म्हणजे काय ते नीट ठाऊक नसतं, म्हणून आधी तेच सांगते.

बाई टेबलावर झोपते, स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारं साधन) घालून गर्भाशयमुख दिसतं, त्यावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा लावायचा. मग एक मिनिट थांबायचं. बदललेल्या पेशी असतील तर त्या जागी पांढरट डाग उमटतो, कडा स्पष्ट असलेला, जाडसर. लवकर विरून जाणारा फिकट पांढरेपणा वेगळा, तो सूजेचाही असतो. सगळं काम नजरेचं.

आता तो एक मिनिट. बाहेर बाकावर वीस जणी बसलेल्या असतात, कुणाचं लेकरू रडत असतं, कुणाला घरी लवकर जायचं असतं. मग हळूहळू तो मिनिट अर्ध्या मिनिटाचा होतो. मुद्दाम कोणी करत नाही, होत जातं. मला ते कळलं ते भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ लावल्यावर. आता बोळा लावला की मी घड्याळाकडे बघते आणि बाईशी बोलते.

दुसरी गोष्ट नजरेची. प्रशिक्षण झालं तेव्हा चित्रं दाखवली, काही बायकांच्या तपासण्या शिकवणाऱ्यांच्या देखरेखीत केल्या, प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर सहा वर्षांत माझी नजर बरोबर आहे की नाही हे एकदाही कोणी तपासलं नाही. मी ज्यांना निगेटिव्ह म्हटलं त्या खरंच निगेटिव्ह होत्या का? ज्यांना पाठवलं त्यांच्यात काय निघालं? मला काहीच कळत नाही. नेम धरून दगड मारायचा आणि लागला की नाही ते बघायचंच नाही, अशाने हात कसा सुधारणार?

मदत कसली हवी विचारलंत ना? माझं उत्तर सोपं आहे. महिन्यातून एकदा जाणकार डॉक्टरने माझ्यासोबत बसून मी काढलेले गर्भाशयमुखाचे दहा फोटो बघावेत. बस.

आणि एक, पाळी गेलेल्या बायकांत ही तपासणी फसवी ठरते. जिथे बदल व्हायचे ती जागा आत नळीत सरकते, बाहेरून दिसतच नाही. त्यांना 'सगळं छान आहे' म्हणून परत पाठवणं चूक आहे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पुढे कळलं.

सांजवेळ

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. आईचा अनुभव लिहिते.

आई तपासणी करून आली. चार दिवसांनी निकाल घ्यायला गेली तर काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवत सांगितलं, "काकू, पॉझिटिव्ह आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा." मागे रांग होती. आईने काही विचारलं नाही. घरी आली, जेवली नाही. रात्री उठून कपाटातले दागिने वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून ठेवले, एक माझी, एक वहिनीची. मला हे आठवड्याने कळलं.

पुढच्या तपासणीत काहीही निघालं नाही. साधी सूज होती, औषधाने गेली. पण आई आता तपासणीचं नावसुद्धा काढू देत नाही. 'ते एकदा झालं तेवढं पुरे' म्हणते.

मला खरंच समजून घ्यायचंय. पॉझिटिव्ह आलं आणि तरीही काही नव्हतं, हे कसं? चाचणी चुकीची होती का? मग ती करतातच कशाला?

क्षितिज

सांजवेळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या रुग्णालयांतही नीट दिलं जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक आहे.

समजा १००० निरोगी दिसणारी माणसं आहेत आणि त्यांतल्या १० जणांना लपलेला आजार आहे. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे: आजारी असलेल्या दहांपैकी नऊ पकडते आणि आजार नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना बरोबर 'नाही' म्हणते. आता हिशेब करा. दहापैकी ९ सापडले. उरलेल्या ९९० पैकी दहावा हिस्सा, म्हणजे ९९ जण, आजार नसताना पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. म्हणजे बारातला एक. चाचणी चुकीची नव्हती, ती चाळणी आहे. मोठ्या ढिगातून छोटा ढीग बाजूला काढणं एवढंच तिचं काम. तुमच्या आईला कोणीतरी दोन मिनिटं बसवून 'बारातल्या अकरा जणींना काही नसतं, पण ती एक तुम्ही नाही ना एवढं बघायचंय' असं सांगितलं असतं तर पुरचुंड्या बांधायची वेळ आली नसती. (बारा हा माझ्या उदाहरणातला आकडा, प्रत्येक चाचणीचा वेगळा असतो.)

आता एक अप्रिय गोष्ट. 'लवकर सापडलं की बरंच' हे वाक्य सरसकट खरं नाही. दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीच्या जोडीने थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ साली तिथे थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरापट झालं होतं. मृत्यूंचं प्रमाण मात्र तसंच राहिलं. म्हणजे जे कर्करोग कधीच त्रास देणार नव्हते ते हुडकून काढले आणि हजारो लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर गोळ्या. शांघायमध्ये २,६६,०६४ कामगार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना स्वतःच्या स्तनांची तपासणी काटेकोरपणे शिकवली. २००२ साली निकाल आला: स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू दोन्ही गटांत सारखेच. शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) मात्र जास्त झाल्या.

म्हणून विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी जे दहा निकष लिहिले ते मला आजही महत्त्वाचे वाटतात. आजार मोठा हवा, त्याला लक्षणांआधीचा ओळखता येणारा टप्पा हवा, चाचणी लोकांना मान्य होणारी हवी, आणि निदान व उपचारांची सोय हवी. हे शेवटचं जिथे नाही तिथे तपासणी सुरू करणं मला अनैतिक वाटतं. कठोर शब्द आहे, पण तोच वापरतो.

पाऊलवाट

क्षितिज, शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. सांजवेळ, आईंना झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. मी आता निकाल सांगताना ठरवून चार वाक्यं बोलतो: "हा कर्करोगाचा रिपोर्ट नाही. नीट बघायला हवं अशी एक जागा दिसलीय. बहुतेक बायकांत काही निघत नाही, निघालंच तर या टप्प्यावर ते कर्करोग व्हायच्या आधीच काढून टाकता येतं. अमुक तारखेला अमुक ठिकाणी जायचं, मी तिथे कळवून ठेवलंय." आणि मग गप्प बसतो. खरा प्रश्न त्या गप्प राहण्यात येतो. एकदा एक बाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हे नवऱ्यामुळे झालं का?" एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं. पण तो इतका सर्वत्र आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी लागण होते आणि बहुतेकांची आपोआप जाते. किती वर्षांपूर्वी, कुणाकडून, हे सांगता येत नाही. एवढं सांगितलं नाही तर पॉझिटिव्ह कागद घरात भांडण होऊन बसतो आणि बाई उपचाराला येतच नाही.

आईंना जमलं तर पुन्हा एकदा न्या. त्यांच्याशी बोलायला वेळ असलेल्या कोणाकडे.

माळरान

वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मी फॅमिली डॉक्टर. एका रुग्णामागे मला सहा-सात मिनिटं मिळतात. त्यात रक्तदाब, साखर, खोकला, मुलाचं सर्टिफिकेट, आणि आता तुम्ही म्हणता की तोंड बघा, स्तन बघा, गर्भाशयमुखाचं विचारा, मोठ्या आतड्याचं विचारा, शिवाय फोन करून पाठपुरावा करा. प्रत्येक नवा कार्यक्रम आला की त्याचं शेवटचं टोक आमच्या टेबलावर येऊन पडतं. कार्यक्रम आखणाऱ्यांपैकी कोणी माझ्या खुर्चीत एक सकाळ बसलंय का?

आणि उलट बाजूने काय येतं? मी एका रुग्णाला विष्ठेत रक्त निघालं म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवलं, सविस्तर पत्र लिहून. तीन महिन्यांनी तो सर्दीसाठी आला तेव्हा सहज विचारलं. म्हणाला, "तिथे पुन्हा तीच तपासणी केली, ती नॉर्मल आली, म्हणून सोडून दिलं." हे सरळसरळ चूक आहे. लपलेलं रक्त पाहणारी चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढची पायरी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं. आतड्यातली गाठ रोज रक्त गाळत नाही, दुसऱ्यांदा निगेटिव्ह आल्याने पहिला निकाल पुसला जात नाही. मी त्याला पुन्हा पाठवलं, या वेळी स्वतः फोन करून. दोन पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठी) निघाले, तिथेच काढून टाकले. पण मला त्या रुग्णालयाकडून आजतागायत एक ओळ आलेली नाही. तो माणूस सर्दीला आला नसता तर?

मदत हवी असेल तर ती ही: पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे मला उलट चिठ्ठी यावी. चार ओळी. आला होता, काय केलं, काय निघालं, पुढे तुम्ही काय करायचं.

क्षितिज

माळरान, राग कसला, तुमचा मुद्दा या चर्चेचा कणा आहे. डॉक्टरच्या स्मरणशक्तीवर कार्यक्रम चालत नाही, याला इतिहासाचा पुरावा आहे.

इंग्लंडमध्ये पॅप स्मिअर तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) १९६०च्या दशकापासून होत होती. ज्या बाईने मागितली, ज्या डॉक्टरला आठवलं, तिथे व्हायची. तरुण, दवाखान्यात येत-जात असलेल्या बायकांची पुन्हा पुन्हा व्हायची आणि जिला खरी गरज तिची कधीच नाही. १९८८ साली त्यांनी संगणकावर यादी करून प्रत्येकीला बोलावणं पाठवायला सुरुवात केली. पुढे फॅमिली डॉक्टरांना ठरावीक प्रमाण गाठलं की मोबदलाही मिळू लागला. तपासणी झालेल्या बायकांचं प्रमाण १९८८मध्ये ४२ टक्के होतं, ते १९९४पर्यंत ८५ टक्क्यांवर गेलं. चाचणी जुनीच होती. यादी, बोलावणं आणि कामाचा मोबदला एवढं मधे आलं. फिनलंडने हे १९६०च्या दशकातच सुरू केलं होतं आणि तिथे या कर्करोगाचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी उतरलं.

म्हणजे डॉक्टरने सहा मिनिटांत काय करायचं? रुग्ण समोर असताना एकच वाक्य: "तुमची तपासणी राहिलीय, करून घ्या, मला महत्त्वाची वाटते." नेहमीच्या डॉक्टरच्या तोंडून आलेलं हे वाक्य पत्रकांपेक्षा जास्त काम करतं. बाकी यादी, आठवण, तारीख, शोध हे दुसऱ्या कोणाचं तरी पगारी काम असलं पाहिजे.

रानजाई

वाचनखूण साठवली. मी तपासणीमुळे वाचलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहिते.

माझी एचपीव्ही चाचणी झाली. नमुना मीच घेतला, हे ऐकून मैत्रिणींना आश्चर्य वाटतं. लांब दांडीचा मऊ ब्रश दिला, सांगितलं की पडद्यामागे जाऊन आत घालायचा, न दुखेल इतपत, काही वेळा फिरवायचा आणि नळीत ठेवून झाकण लावायचं. दोन मिनिटं लागली. कोणासमोर कपडे सोडावे लागले नाहीत. त्याआधी दोनदा मी तपासणी टाळली होती ती फक्त त्या टेबलामुळे.

निकाल पॉझिटिव्ह आला. पुढच्या तपासणीत डाग दिसला, तो पूर्ण दिसत होता आणि कर्करोगाचा संशय नव्हता, म्हणून त्याच दिवशी गरम टोकाच्या उपकरणाने ती जागा जाळली. भूल नव्हती. पोटात कळ आल्यासारखं झालं, मिनिटभरात संपलं. काही आठवडे पाणी जात होतं, महिनाभर संबंध टाळायला सांगितलं होतं. एक वर्षाने पुन्हा चाचणी, ती स्वच्छ आली.

पण मी हे लिहितेय ते आमच्या आरोग्यसेविकेसाठी. पहिल्या तारखेला मी गेलेच नव्हते. घाबरले होते. तिने फोन केला, मी 'पाहुणे आलेत' सांगितलं. आठवड्याने पुन्हा केला, मी उचलला नाही. तिसऱ्यांदा ती दारात आली. ओरडली नाही, काही नाही. म्हणाली, "ताई, मी पण येते तुमच्यासोबत, मला पण तिकडे काम आहे." तिला तिकडे काहीही काम नव्हतं, हे मला तिथे बाकावर दोन तास शेजारी बसली तेव्हा कळलं. त्या दिवसाची तिची हजेरी कापली गेली की नाही कोण जाणे. मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

क्षितिज

रानजाई, तुमच्या आरोग्यसेविकेने जे केलं त्याला एक रीतसर रूप आहे. हॅरोल्ड फ्रीमन नावाच्या कर्करोग शल्यचिकित्सकांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९९० साली ते सुरू केलं. गरीब बायका स्तनाचा कर्करोग फार वाढल्यावर येतात हे बघून त्यांनी संशयास्पद निकाल आलेल्या प्रत्येकीला एक माणूस नेमून दिला. तारीख घेणं, कागद लावणं, सोबत जाणं, अडलं तिथे वाट काढणं, हे त्याचं काम. वाटाड्याच म्हणा. तुमच्या आरोग्यसेविकेने ते पदरमोड करून केलं. ते पदरमोड करून करावं लागू नये.

तुमच्या स्वतः घेतलेल्या नमुन्याबद्दल एक पुरवणी: योग्य चाचणी वापरली तर तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा असतो. आणि एचपीव्ही चाचणीच का, याचा ठसठशीत पुरावा उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासाने दिला. १,३१,७४६ स्त्रिया, वय ३० ते ५९, चार गट. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या मार्गदर्शक सूचना बदलायला त्यांचा मोठा हातभार लागला. त्या अभ्यासातल्या एकदाच केलेल्या व्हीआयएने तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

उंबरठा

क्षितिज, व्हीआयएबद्दल एवढ्यावर सोडू नका, आम्ही रोज तेच करतो. मुंबईच्या वस्त्यांतला अभ्यासही सांगा ना. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्या व्हीआयए केली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर नव्हे, आरोग्यसेविका. फरक कुठे पडला असेल ते मला माझ्या कामावरून दिसतं: पुन्हा पुन्हा फेऱ्या आणि सतत देखरेख. एचपीव्ही चाचणी यावी असं मलाही वाटतं, पण ती येईपर्यंत आमच्या नजरेला धार लावायला कोणी येणार आहे का?

तोंडाच्या तपासणीबद्दल कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. याला टॉर्च, दोन लाकडी पट्ट्या आणि हातमोजे पुरतात. केरळमधल्या मोठ्या अभ्यासात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ते आरोग्य कार्यकर्त्यांनी तोंड उघडून बघितल्यामुळे.

मी अशी बघते: आधी बाहेरून जबडा, मान, गाठी. मग म्हणते, 'स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा.' तीन बोटं जात नसतील तर आतलं कातडं आखडायला लागलंय. मग ओठ उलटून, गालाच्या आत, हिरड्या, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. जिभेखाली बघायचं बहुतेकांचं राहून जातं. पांढरा चट्टा खरवडून निघत नसेल तर नोंद. लाल मखमली चट्टा असेल तर जास्त घाई, लाल हा पांढऱ्यापेक्षा धोक्याचा. आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, दुखो वा न दुखो, त्याला मलम देत बसायचं नाही, पाठवायचं. दाढेचं टोक लागतंय म्हणून महिनोन्महिने मलम लावत बसलेली माणसं मी बघितलीत.

सांजवेळ

स्तनाच्या तपासणीचं काय? स्वतः करायची नाही म्हणता, मग गाठ कळणार कशी?

क्षितिज

प्रश्न योग्य आहे, माझं वाक्य अर्धवट राहिलं होतं. ठरावीक पद्धतीने दर महिन्याला शोधमोहीम करण्याचा फायदा सिद्ध झाला नाही, एवढंच. स्वतःचं शरीर ओळखीचं असावं, आणि काही वेगळं जाणवलं तर दुसऱ्याच दिवशी दाखवावं: गाठ, कातडी ओढली जाणं, बोंड आत जाणं, रक्ताळ स्राव. पण एक लक्षात घ्या, गाठ लागल्यावर आलेली बाई 'तपासणी कार्यक्रमा'तली नव्हे. तिला आता निदान हवं, पुढच्या शिबिराची तारीख नको. प्राथमिक पातळीवर ही गल्लत फार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तन कर्करोग उपक्रमात यासाठीच मुदत घातली आहे: दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण.

मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) जिथे नाही तिथे प्रशिक्षित हाताने केलेली तपासणी निरुपयोगी नाही. मुंबईतल्याच वीस वर्षांच्या अभ्यासात, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. आजार लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. एकूण मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

माळरान

उंबरठाताई, तुमच्या 'दहा फोटो'वरून आठवलं. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत प्रोजेक्ट इको सुरू केला तो हेपटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी. त्यांच्याकडे यायला रुग्णांना महिनोन्महिने थांबावं लागायचं. मग त्यांनी दूरदूरच्या प्राथमिक डॉक्टरांना आठवड्यातून एकदा व्हिडिओवर एकत्र आणलं. व्याख्यान कमी, प्रत्येकाने आपला अडलेला रुग्ण मांडायचा, तज्ज्ञांनी आणि इतरांनी मिळून सोडवायचा. २०११ साली निकाल आले: प्राथमिक डॉक्टरांकडचे रुग्ण विद्यापीठाच्या रुग्णालयाइतक्याच प्रमाणात बरे झाले. पुढे हीच पद्धत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही वापरली गेली.

मला हे पटतं कारण यात आमच्याकडे हमाल म्हणून बघत नाहीत. वरच्या प्रतिसादात मी चिडून लिहिलं होतं, पण आठवड्यातला एक तास कोणी असा दिला तर मी दवाखाना बंद ठेवून बसेन.

पाऊलवाट

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. चार दिवस लिहिलं नाही कारण ते जुनं रजिस्टर घेऊन बसलो होतो.

आधी उलट चिठ्ठीबद्दल. माळरान, तुमचे चार मुद्दे मी पाठवणीच्या कागदाच्या खालच्या अर्ध्यात छापून घेतले, मधे फाडायची रेघ. रुग्णाला सांगतो, हा तुकडा भरून आणल्याशिवाय तुमचं काम पूर्ण झालं नाही. पहिले दोन तुकडे भरून आले. एकावर सही आहे पण निदान लिहिलेलं नाही, तर उद्या फोन करणार आहे.

रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवलेत: 'पुढचा फोन कोणत्या तारखेला' आणि 'कोण करणार'. दुसऱ्या रकान्यात नाव लिहायचं, पद नाही. आमच्या सिस्टरांनी मागितलं म्हणून आठवड्यातून एक दुपार या कामासाठी मोकळी ठेवली, त्या वेळात दुसरं काम द्यायचं नाही. उंबरठाताई, घड्याळही लावलं.

त्या पानावरच्या चौघींपैकी एक बाई मी वर लिहिलेल्या. त्यांचे उपचार चालू आहेत, किरणोपचाराच्या फेऱ्या झाल्या, परवा भेटून आलो. दुसरीला फोन लागला. तिने त्याच वर्षी उपचार करून घेतले होते, आम्हाला कळवायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. तिच्या नावापुढे तारीख लिहिली. तिसरीचा फोन सुनेने उचलला, सासूबाई शुक्रवारी तपासणीला येतील म्हणाली. चौथीचा नंबर आता दुसऱ्याच कोणाचा आहे. रजिस्टरमधला पत्ता अर्धा पुसलाय, पण सिस्टरांना गल्ली ओळखीची वाटते. उद्या दुपारी त्या जाणार आहेत.